चाक किती बाहेर काढावं?

लोधिवली हे नाव मुंबई-पुण्याच्या अनेक वाचकांना अपघाताच्या बातमीतून ठाऊक झालेलं असतं. महामार्गावर काही घडलं की जखमींना लोधिवलीच्या धीरुभाई अंबानी रुग्णालयात हलवल्याचं वाक्य त्यांनी कधी ना कधी वाचलेलं असतं. खालापूर तालुक्यातलं हे गाव जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर, चौकच्या शेजारी आहे. द्रुतगती मार्ग इथून फार लांब नाही, चौकहून कर्जतकडे फाटा फुटतो, आणि सरळ पुढे गेलं की खोपोली व बोरघाट. चाकाची तीन तऱ्हांनी परीक्षा घेणारे रस्ते एवढ्याशा टापूत एकत्र आले आहेत: तासभर एकाच वेगाने सरळ पळवणारा, ब्रेक तापवणारा आणि पावसाळ्यात खड्ड्यांत आपटणारा. शनिवार-रविवारी याच रस्त्यांवरून कर्जतच्या फार्महाउसांकडे आणि लोणावळ्याकडे सजवलेल्या गाड्या जातात. सजावटीतला सर्वांत स्वस्त आणि चटकन नजरेत भरणारा प्रकार म्हणजे चाकं मडगार्डच्या कडेपर्यंत बाहेर काढणं. त्यासाठी हब आणि चाक यांच्यामध्ये ॲल्युमिनियमची एक जाड चकती बसवतात, तिला स्पेसर म्हणतात. माझं म्हणणं थोडक्यात असं, की चाक बाहेर काढायचंच असेल तर ते योग्य ऑफसेटचं चाक निवडून काढावं. स्पेसर ही त्या निवडीत राहिलेली चार-दोन मिलिमीटरची तफावत भरून काढायची तजवीज आहे. निवडीचं काम तिच्यावर सोपवलं की धोका सुरू होतो, आणि तो गाडीवाले समजतात त्या ठिकाणी नसतो.

आधी ऑफसेटचा हिशेब, कारण दुकानात तो क्वचितच कुणी मांडून दाखवतं. चाकाच्या रुंदीचा बरोबर मध्य आणि चाक हबला जिथे टेकतं तो पृष्ठभाग, यांतलं मिलिमीटरमधलं अंतर म्हणजे ऑफसेट. चाकावर तो ‘ईटी’ या अक्षरांपुढे कोरलेला असतो. टेकण्याचा पृष्ठभाग मध्यापेक्षा रस्त्याच्या बाजूला असेल तर ऑफसेट धन, गाडीच्या बाजूला असेल तर ऋण. आकडा जितका कमी, तितकं चाक बाहेर. आता समजा मूळ चाक ६ इंच रुंद आणि ईटी ४५ आहे, आणि मालकाने साडेसात इंच रुंदीचं ईटी ३५ चं अलॉय पसंत केलं. ऑफसेट दहानेच कमी झाला, म्हणजे चाक दहा मिलिमीटर बाहेर येईल, असं त्याला वाटतं. पण रुंदी वाढल्याने दोन्ही बाजूंना १९-१९ मिलिमीटरची भर पडलेली असते. बाहेरची कड २९ मिलिमीटर बाहेर येते आणि आतली कड ९ मिलिमीटर आत, शॉकॲब्सॉर्बरच्या दिशेने सरकते. आत घासतं म्हणून मग दुकानदार १० मिलिमीटरचा स्पेसर सुचवतो. आतली कड जवळजवळ जुन्या जागी येते, पण बाहेरची ३९ वर पोचते आणि मागे चार माणसं बसली की मडगार्डला टायर लागतो. या साखळीत स्पेसर हा दुसरा निर्णय होता. पहिलाच चुकला होता. तेच चाक ६.५ इंची, ईटी ४० चं घेतलं असतं तर बाहेर साधारण ११ मिलिमीटर गेलं असतं, आत जेमतेम दीड मिलिमीटर, आणि स्पेसरचा विषयच निघाला नसता. हा हिशेब शाळकरी वजाबाकीचा आहे. तो पैसे देण्याआधी करावा, एवढंच.

चाक बाहेर गेल्याने बिघडतं काय, याचं सर्वांच्या तोंडी असलेलं उत्तर म्हणजे ‘बेअरिंग जातात’. उत्तर बरोबर आहे, पण त्यामागचं कारण बहुधा उलटं सांगितलं जातं. घाटातल्या वळणांवर बेअरिंगवर जास्त ताण येतो आणि स्पेसर तो आणखी वाढवतो, असं मानतात. प्रत्यक्षात जोरात वळताना गाडीचं वजन बाहेरच्या चाकावर कलतं. त्या चाकाला जमीन वर ढकलते आणि घर्षणाने आतल्या बाजूला खेचतेही. ही आतली खेच टायरच्या त्रिज्येइतक्या, म्हणजे सुमारे ३० सेंटिमीटरच्या हाताने बेअरिंगला एका दिशेने पिळते. बाहेर काढलेल्या चाकावरचा भार मात्र त्याच बेअरिंगला उलट दिशेने पिळतो. बाहेरच्या चाकावर ५००० न्यूटन भार आणि ३५०० न्यूटन खेच धरली, तर खेचेची पीळ १०५० न्यूटन-मीटर येते, आणि २० मिलिमीटर स्पेसरमुळे आलेली उलटी पीळ १०० न्यूटन-मीटर. म्हणजे त्या क्षणी त्या एका चाकापुरता ताण दहाएक टक्क्यांनी हलकाच होतो. आतल्या चाकावर तो वाढतो, पण तिथे भारच कमी असतो. ‘घाटात इतकी वर्षं चालवतोय, काही झालं नाही’ असं सांगणारा खोटं बोलत नसतो, ते या कारणाने.

खरा खर्च सरळ रस्त्यावर होतो. गाडीचं बहुतेक आयुष्य सरळ जाण्यात सरतं, आणि हबमधलं दोन रांगांचं बेअरिंग त्याच हिशेबाने बसवलेलं असतं: चाकावरचा भार दोन्ही रांगांत शक्यतो सारखा वाटला जावा, म्हणून भाराची रेषा दोघींच्या मधोमध. बादली कुशीजवळ धरून चालणं आणि हात लांब करून धरणं यांत वजन तेच असतं, पण खांद्याला फरक कळतो. दोन रांगांच्या भार घेणाऱ्या बिंदूंत ६० मिलिमीटर अंतर आहे आणि भार आधी बरोबर मध्यावर होता, असं सोपेपणासाठी धरू. चाक २० मिलिमीटर बाहेर गेलं की बाहेरच्या रांगेचा वाटा निम्म्यावरून ८३ टक्क्यांवर जातो. गोळ्यांच्या बेअरिंगचं आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटतं, असा यंत्रशास्त्राचा जुना ठोकताळा आहे. त्याने या रांगेचं कागदी आयुष्य मूळच्या साधारण पाचव्या हिश्शावर येतं. कारखान्यातली मांडणी इतकी नेटकी नसते आणि आकडे गाडीगणिक बदलतील, पण घनाचा नियम बदलत नाही. म्हणून पाच मिलिमीटर आणि पंचवीस मिलिमीटर यांत फार मोठा फरक पडतो. द्रुतगती मार्गावर मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे. त्या वेगाने तासभर सरळ गेलेल्या गाडीने बेअरिंगकडून जे वसूल केलं, ते घाटातल्या दहा वळणांनी केलेलं नसतं.

खड्डा हा सरळ रस्त्याचाच तीव्र प्रकार. खड्ड्याच्या कडेवर चाक आपटतं तेव्हा भार क्षणभर तिप्पट-चौपट होतो, आणि त्याला तोलणारी आडवी खेच नसते. पुढच्या चाकावर स्थिर भार ३८० किलो असेल तर २० मिलिमीटरची पीळ एरवी ७५ न्यूटन-मीटर असते, खड्ड्यात ती सव्वादोनशेच्या वर जाते. जुलै-ऑगस्टमधला चौक-कर्जत रस्ता ज्यांना माहीत आहे, त्यांना हे किती वेळा होतं हे सांगायला नको. घरघर सुरू झाली की गॅरेजवाला बेअरिंग बदलून देतो, स्पेसर तसाच परत बसवतो, आणि काही महिन्यांनी गाडी पुन्हा त्याच तक्रारीने येते.

बेअरिंग हळूहळू मरतं आणि मरताना आवाज करतं. नटांच्या जोडाचं तसं नसतं, म्हणून सुरक्षेच्या दृष्टीने मला तो भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. चाक स्टडवर टांगलेलं असतं, हा समज आधी सोडायला हवा. आवळलेला नट स्टडला ताणतो, तो ताण चाकाला हबवर दाबतो, आणि त्या दाबाने निर्माण झालेलं घर्षण चाकाला जागेवर ठेवतं. १२ मिलिमीटरचा स्टड १०० न्यूटन-मीटरने आवळला तर साधारण ४० किलोन्यूटन, म्हणजे चार टनांचा दाब मिळतो. चार नटांचे मिळून सोळा टन. घर्षणाचा गुणांक अगदी ०.१५ धरला तरी चाकाला सरकण्यापासून अडवणारं बल अडीच टनांच्या घरात जातं आणि चाकावरचा भार असतो चारशे किलोच्या आत. जोड घट्ट असेल तोवर गडगंज शिल्लक आहे. ढिला झाला की शिल्लक संपते, चाक स्टडवर हेलकावे खाऊ लागतं, आणि ताणासाठी घडवलेला स्टड वाकण्याने थकून तुटतो. पहिला तुटला की उरलेल्यांवरचा बोजा वाढतो.

स्पेसर या जोडाला तीन ठिकाणी कमकुवत करू शकतो. पहिलं ठिकाण आटे. पोलादी नटाला निदान स्टडच्या व्यासाइतके आटे मिळावेत, असा संकेत आहे. मारुतीच्या मोटारींचे स्टड सहसा १२ मिलिमीटरचे, १.२५ मिलिमीटर आट्याचे असतात, म्हणजे साडेनऊ वेढे पूर्ण बसायला हवेत. त्यावर ५ मिलिमीटरची साधी चकती सरकवली की चार वेढे गेले. नट वरून पूर्ण आवळलेला दिसतो, पाना ‘टक’ करून थांबतोही, आणि आत पाच-सहा वेढ्यांवर चाक उभं असतं. हे डोळ्यांनी कळत नाही, मोजावं लागतं: नट हाताने फिरवत वेढे मोजायचे. ते कमी भरले तर लांब स्टड बसवायचे, नाहीतर चकती काढून ठेवायची. मधला मार्ग नाही. दुसरं ठिकाण म्हणजे वाढलेले पृष्ठभाग. जाड, बोल्टने बसणाऱ्या स्पेसरमध्ये एक जोड हब आणि स्पेसर यांचा असतो, दुसरा स्पेसर आणि चाक यांचा. पहिल्या जोडाचे नट चाकाखाली झाकले जातात आणि पुन्हा कुणी त्यांच्याकडे बघत नाही. हबवरचा गंज, रंगाचा थर, धुळीचा कण, काहीही मध्ये राहिलं तर काही दिवसांत ते दबतं आणि तेवढा ताण नटातून निघून जातो. तिसरं ठिकाण उष्णता. पोलादापेक्षा ॲल्युमिनियम उष्णतेने जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. बोरघाट उतरताना ब्रेकची डिस्क तापते, हब तापतो, स्पेसर फुगतो, खाली आल्यावर आकसतो. उत्तम जोड हे सहज सोसतो. आधीच ढिला असलेला जोड दर उताराला थोडा थोडा सुटत जातो.

चाक मध्यावर बसण्याचा मुद्दाही इथेच येतो. मारुती स्विफ्ट आणि जुनी होंडा सिटी, दोन्हींना चार नट आणि १०० मिलिमीटरचं वर्तुळ. म्हणून एकीचं चाक दुसरीला ‘बसतं’. पण स्विफ्टच्या हबचा मधला उंचवटा ५४.१ मिलिमीटरचा आणि होंडाच्या चाकाचं भोक ५६.१ चं. सगळीकडून एकेक मिलिमीटर मोकळं राहतं आणि चाक मध्यावर आणण्याचं काम नटांच्या निमुळत्या बैठकीवर येऊन पडतं. ताशी ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं, बॅलन्सिंग तीनदा होतं, थरथर जात नाही. शिवाय होंडाच्या मूळ चाकांना गोल बैठकीचे नट लागतात आणि बाजारातल्या बहुतेक अलॉयना शंकूच्या बैठकीचे. एकाचा नट दुसऱ्यात घातला तर तो कडेवर टेकतो, आवळल्यासारखा वाटतो आणि सुटतो. स्पेसर घ्यायचाच तर आतून हबच्या उंचवट्यावर आणि बाहेरून चाकाच्या भोकात अचूक बसणारा घ्यावा. पातळ चकतीत हे साधणं कठीण, कारण हबचा मूळ उंचवटाच ती गिळून टाकते. खोपोली-रसायनीच्या कारखानदारी पट्ट्यात लेथ मशीन शोधत फिरावं लागत नाही, आणि ‘तुकडा आणा, चकती काढून देतो’ म्हणणारा कारागीरही मिळतो. त्याच्या हाताबद्दल मला शंका नाही. पण तो तुकडा ६०६१-टी६ सारख्या मिश्रधातूचा आहे की भंगारातून ओतलेला, हे लेथला कळत नाही, आणि ओतीव धातूतली बारीक पोकळी कातकामानंतरही आत तशीच राहते.

सुकाणूचा प्रश्न कमी चर्चिला जातो. पुढचं चाक ज्या तिरक्या अक्षाभोवती वळतं, तो अक्ष जमिनीला जिथे टेकेल तिथपासून टायरच्या मध्यापर्यंतच्या अंतराला स्क्रब रेडियस म्हणतात. १९७२ च्या आउडी ८० ने हे अंतर ऋण ठेवलं आणि पुढे अनेक पुढच्या चाकांनी चालणाऱ्या गाड्यांनी तो मार्ग धरला. फायदा असा, की एक चाक कोरड्या डांबरावर आणि दुसरं ओल्या मातीवर असताना ब्रेक दाबला, तर गाडी ज्या बाजूला ओढली जाईल त्याच्या उलट दिशेला चाकं आपोआप किंचित वळतात. हे अंतर उणे ८ मिलिमीटर असेल आणि २० चा स्पेसर लावला, तर ते अधिक १२ होतं. मदत करणारी रचना ओढीला हातभार लावणारी बनते. पावसाळ्यात जुन्या महामार्गाच्या साइडपट्टीवर एक चाक उतरलेलं असताना कुत्रं आडवं आलं, तर हा फरक कागदावरचा राहत नाही.

आता आक्षेप. पहिला, पोर्शेसारखी कंपनी स्वतःच ९११ साठी ५ मिलिमीटरचे स्पेसर देते, मग इतरांनी का लावू नये? देते, हे खरं. पण त्यांच्यासोबत तेवढेच लांब बोल्ट देते आणि कोणत्या चाकांवर ते चालतील हे स्वतः ठरवते. हा दाखला माझ्या बाजूचा आहे: पाच मिलिमीटर, तपासलेले, पूर्ण आट्यांसह. दुसरा आक्षेप, चाकं रुंद झाली की गाडी घाटात घट्ट बसते. यातही तथ्य आहे. दोन चाकांतलं अंतर १५०० वरून १५४० मिलिमीटर झालं तर वळणावर बाहेरच्या चाकांकडे जाणारं वजन सुमारे अडीच टक्क्यांनी घटतं. पण चाक बाहेर गेल्याने सस्पेन्शनच्या दांडीचा हात लांबतो आणि तीच स्प्रिंग चाकाशी नरम वागू लागते. अडीच टक्क्यांतला काही भाग तिथे परत जातो. एवढ्यासाठी चांगल्या टायरवर किंवा शॉकॲब्सॉर्बरवर खर्च केला तर अधिक पदरात पडतं. तिसरा आक्षेप सर्वांत जोरकस: हजारो गाड्या स्पेसर लावून फिरतात, चाकं कुठे निखळतात? बहुतेकांची निखळत नाहीत. वर सांगितलेली सोळा टनांची शिल्लक त्यांना तारते. पण निष्काळजीपणा पचवायला ठेवलेली शिल्लक दिसण्यावर आधीच खर्च केली, तर पंक्चरवाल्याने एखाद दिवशी नट कमी आवळले तेव्हा ती उरत नाही.

चाक बनवणाऱ्यांचे नियमच पाहिले तरी ऑफसेटचं वजन कळतं. मोटारीच्या चाकाच्या थकव्याच्या चाचणीत किती पीळ द्यायची, याचं सूत्र आयएसओ ३००६ या मानकात आहे: घर्षणाचा गुणांक गुणिले टायरची त्रिज्या, अधिक ऑफसेट, आणि या बेरजेला भार व सुरक्षा-गुणकाने गुणायचं. ऑफसेट खुद्द सूत्रातच बसलेला आहे. पुण्यात वेताळ टेकडीला लोक सर्रास ‘एआरएआय टेकडी’ म्हणतात ते ज्या संस्थेमुळे, ती १९६६ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया चाकांच्या अशा चाचण्या करते. तिथे चाक विशिष्ट ऑफसेट आणि विशिष्ट भार यांसाठी पास होतं. बाजारातल्या साध्या स्पेसरमागे असा कागद आहे का, एवढं विचारलं तरी दुकानातलं संभाषण बरंचसं आटपतं. जर्मनीत असा तपासणी अहवाल दाखवून, बसवलेला स्पेसर तपासून घेण्याची पद्धत रुळलेली आहे. ऑस्ट्रेलियाची नियमावली तर प्रवासी मोटारीत दोन चाकांतलं अंतर कंपनीच्या मर्यादेपेक्षा एकूण २५ मिलिमीटरहून जास्त वाढवू देत नाही, म्हणजे एका बाजूला साडेबारा. मूळ गाडीतच नसेल तर स्पेसरला तिथे मज्जाव आहे. ऑफसेट चालतो, चकती चालत नाही, हा त्यातला भेद मला नेमका वाटतो.

आपल्याकडे कायदा ढोबळ आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्या. अरुण मिश्रा आणि न्या. विनीत सरन यांनी केरळमधून आलेल्या के. जयचंद्र प्रकरणात या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये, परवानगी नसलेला सुटा भाग बसवून बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. ऑफसेट नोंदणी प्रमाणपत्रावर छापलेला नसतो आणि कलम ५२ मधल्या स्पष्टीकरणात ‘मूलभूत वैशिष्ट्य’ बदलण्याची अट आहे, तेव्हा स्पेसर त्यात बसतो की नाही यावर वकील वाद घालू शकतील. पण तो वाद चौकातल्या हवालदारापुढे होत नसतो. अपघातानंतर तो विमा कंपनीपुढे होतो, आणि कंपनीला न कळवलेला बदल तेव्हा मालकाच्या बाजूने बोलत नाही.

तेव्हा निवडीचा क्रम असा ठेवावा. आधी मूळ चाकाची रुंदी आणि ईटी वाचून घ्यावी. नवं चाक रुंदीत अर्ध्या इंचापेक्षा आणि ऑफसेटमध्ये पाच-सात मिलिमीटरपेक्षा फार दूर जाऊ देऊ नये. मधलं भोक हबशी जुळतं का, नाहीतर योग्य मापाची रिंग मिळते का, ते पाहावं. चाक तात्पुरतं बसवून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवावं, मागे माणसं बसवून पुन्हा पाहावं. यानंतरही ब्रेकच्या कॅलिपरपासून दोन-तीन मिलिमीटर कमी पडत असतील, तर पातळ, हबवर नेमका बसणारा स्पेसर आणि त्याच मापाचे लांब स्टड, हे एकत्रच घ्यावेत. हब तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासावा, नट तिरप्या क्रमाने आणि गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्यावर टॉर्क रेंचने आवळावेत. पायाने पान्यावर उभं राहून नव्हे. पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर ते पुन्हा तपासायचे असतात. लोधिवलीहून निघून लोणावळ्याला जाऊन आलं की साधारण तेवढं अंतर होतं आणि घाटाची उष्णताही जोडाला लागलेली असते. मात्र परतल्यावर लगेच रेंच लावू नये. हब हाताला गार लागेपर्यंत थांबावं, कारण तापलेल्या जोडावर मिळालेला आकडा खरा नसतो.